साठीतला आवाज, विशीतले यंत्र
(‘मेमेंटो मोरी’ या अल्बमवर सोलापूरच्या श्रोत्यांनी लिहिलेल्या टिपणांना प्रस्तावना)

इंग्लंडमधल्या एका बँडचा एक अल्बम, आणि त्यावर सोलापुरात बसून मराठीत पुस्तिका. हे ऐकल्यावर कुणीही पहिल्यांदा विचारील ते ‘कशाला?’ प्रश्न रास्त आहे. या शहराला गाण्याबजावण्याची वानवा कधीच नव्हती. गड्ड्याची जत्रा आहे, गणपतीतले लेझीम आहे, मठामंदिरांतली भजने आहेत. पूर्व भागात तेलुगू गाणी वाजतात, उरुसात कव्वाली रंगते आणि मिरवणुकीतल्या डीजेवरून दरवर्षी वाद होतो तो वेगळाच. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत गाणारे हे गाव. त्यात डेपेश मोड या बँडला कोण विचारतो?

या पुस्तिकेत लिहिणाऱ्यांनी त्याचे उत्तर आपापल्या परीने दिले आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने सगळ्यांच्या वतीने एकच गोष्ट नीट मांडायची असते, ती आधीच सांगून टाकतो. ‘मेमेंटो मोरी’ हा म्हातारपणाचा आणि मरणाचा अल्बम आहे आणि तो यंत्रांवर वाजवलेला आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी घट्ट संबंध आहे. यंत्राला वय नसते, त्यामुळे यंत्राशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचे वय लपत नाही. ज्या शहराच्या तीन-चार पिढ्या यंत्रासमोर उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या, त्या शहराला हे कळायला इंग्रजी यावे लागत नाही.

आधी अल्बमची ओळख. ‘मेमेंटो मोरी’ २४ मार्च २०२३ रोजी आला. डेपेश मोडचा हा पंधरावा स्टुडिओ अल्बम. नाव लॅटिन आहे. ‘तुला मरायचे आहे हे ध्यानात ठेव’ असा त्याचा अर्थ. गाणी बारा, आणि सगळी मिळून साधारण पन्नास मिनिटांची. त्यांचा पहिला अल्बम ‘स्पीक अँड स्पेल’ १९८१ चा, म्हणजे मधे बेचाळीस वर्षे गेलेली. सुरुवातीला बँडमध्ये चौघे होते: व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि डेव्ह गाहन. पहिल्या अल्बमनंतर क्लार्क गेला आणि त्याने पुढे ‘याझू’ आणि ‘इरेजर’ काढले. १९८२ मध्ये ॲलन वाइल्डर आला आणि १९९५ मध्ये गेला. २६ मे २०२२ रोजी फ्लेचर गेला, साठाव्या वर्षी, अचानक. त्यामुळे या अल्बमच्या वेळी दोघेच उरले: गाणी लिहिणारा गोर आणि गाणारा गाहन.

या बँडचे संगीत सिंथ-पॉप या प्रकारातले. सिंथ-पॉप म्हणजे ज्या गाण्यात गिटार-ड्रमऐवजी सिंथेसायझर मुख्य असतो ते गाणे. आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. तोच वाद्यप्रकार, फक्त त्याचा थोरला भाऊ. ध्वनी विजेने घडवायचा, त्याची पट्टी, धार, लांबी बटणांनी ठरवायची आणि वाटल्यास तो स्वतःहून वाजत राहील अशी सोय करायची. ही सोय करणाऱ्या भागाला सीक्वेन्सर म्हणतात.

सीक्वेन्सर समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. चादरीच्या मागावर वर जेकार्ड बसवलेले असते. जुन्या जेकार्डवर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ फिरते. बाण्याच्या प्रत्येक धाग्याला एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर जिथे भोक आहे तिथली सुई आत जाते आणि ताण्याचा तेवढा धागा वर उचलला जातो; भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. धोटा मधून जातो, पुढचा पुठ्ठा येतो. मोराचा पिसारा असो की वेलबुट्टी, माणसाने एकदा भोके ठरवली की माग ती नक्षी तशीच, तितक्याच गतीने विणत राहतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये काढलेल्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर खालच्या बाजूला सोळा बटणे एका रांगेत आहेत: चार लाल, चार केशरी, चार पिवळी, चार पांढरी. जे बटण दाबले त्या ठिकाणी ठोका पडतो, जे दाबले नाही तिथे शांतता. सोळा घरे संपली की पुन्हा पहिल्यापासून. जेकार्ड १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑनमध्ये तयार झाले, ८०८ त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी. तत्त्व तेच आहे: होय किंवा नाही, भोक किंवा पुठ्ठा. आमच्या लेखकांपैकी एक जण चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितात. त्यांच्या टिपणात हा भाग विस्ताराने आला आहे आणि या पुस्तिकेतला तो सर्वांत पक्का मुद्दा आहे असे मला वाटते.

हे संगीत जन्मले तेही कारखान्यांच्या आसपासच. क्राफ्टवर्क हा या घराण्याचा मूळपुरुष १९७० मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये, ऱ्हाईनकाठच्या औद्योगिक पट्ट्यात सुरू झाला. पोलादाच्या शेफील्डमधून ह्यूमन लीग आणि कॅबरे व्होल्टेर आले. कापडगिरण्यांच्या मँचेस्टरमधून न्यू ऑर्डर आले. डेपेश मोड बॅझिल्डनचे. लंडनच्या पूर्वेकडच्या दाटीतल्या कामगार कुटुंबांना राहायला जागा मिळावी म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने नव्याने वसवलेले हे गाव. फोर्डचा ट्रॅक्टरचा कारखाना, सिगारेटचा कारखाना, सारख्या घरांच्या रांगा. गोर बँकेत कारकुनी करत होता, फ्लेचर विमा कंपनीत. सिंथेसायझर हलका असल्याने पोरे तो उचलून रेल्वेने लंडनला कार्यक्रमाला जात. गिटारचे ॲम्प्लिफायर, ड्रमचा संच, टेम्पो यांपैकी कशाचाच खर्च नाही. गरिबाघरच्या पोरांना परवडेल असे वाद्य म्हणून सिंथ-पॉप पसरला, हे विसरता कामा नये. आपल्याकडेही बेंजो पार्टीत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड शिरले ते याच कारणाने: एक माणूस चार माणसांचे काम करतो.

आणि म्हणूनच त्याला विरोधही झाला. १९८२ मध्ये ब्रिटनच्या संगीतकारांच्या युनियनमध्ये, लंडनच्या शाखेत, सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी आणण्याचा ठराव झाला होता. पोटावर पाय येतो, हे त्यांचे म्हणणे. हातमाग जाऊन यंत्रमाग आले तेव्हा सोलापूरच्या विणकरानेही हेच म्हटले असेल. त्याचे चुकले असे कोण म्हणेल?

त्याच १९८२ सालात आपल्याकडे दोन गोष्टी घडल्या. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातली यंत्रे थांबली. आणि याच मुंबईत चरणजित सिंग या वादकाने रोलँडची तीन यंत्रे जोडून एक अल्बम केला. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. लग्नसमारंभात त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्राही असे. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बासचे यंत्र आणि वर सांगितलेले टीआर-८०८ एकमेकांना जोडून त्यांनी भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोतल्या पोरांनी त्याच टीबी-३०३ वर ‘ॲसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत जगभर नेले. २०१० मध्ये चरणजित सिंग यांची रेकॉर्ड नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले: हे तर मुंबईत आधीच झाले होते! मग सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातल्या मंचांवर तीच यंत्रे घेऊन उभे राहिले आणि समोर नातवाच्या वयाची पोरे नाचू लागली. २०१५ मध्ये ते गेले.

त्यांच्याही आधी, १९७० च्या दशकात, केरसी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणला होता. तेव्हा सिंथेसायझर ही परक्यांची चीज आहे आणि आपण फक्त ऐकणारे, ही समजूत सोडून देऊन ही पुस्तिका वाचावी. मराठी रंगभूमीनेही पाश्चात्य बाज कधी दारातून परत पाठवला नाही. पंढरपुरात जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले जब्बार पटेल यांनी १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ मंचावर आणला. मूळ नाटक ब्रेख्तचे, मराठी रूप पु. ल. देशपांडे यांचे, आणि त्यात रॉक गाणारे नंदू भेंडे. मराठी प्रेक्षकाला ते पचले, इतकेच नव्हे तर रुचले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सिंथ-पॉप हे तरुणांचे आणि उद्याचे संगीत म्हणून जन्मले. डेपेश मोडचा आवाज पहिल्यांदा रेकॉर्डवर आला तेव्हा गाहन अठरा-एकोणीस वर्षांचा होता. १९८३ च्या ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’ या अल्बमसाठी ही मंडळी पूर्व लंडनमधल्या पडक्या जागांवर आणि बांधकामांवर टेपरेकॉर्डर घेऊन फिरली. पत्रे, पाइप, साखळ्या जे दिसेल ते बडवून आवाज गोळा केले आणि यंत्रात भरून त्यांची गाणी केली. पुढे १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल मैदानावर साठ हजारांवर श्रोते जमले आणि १९९० च्या ‘व्हायोलेटर’ने त्यांना जगभर नेले. त्यानंतरचा काळ वाईट गेला. व्यसने, भांडणे, १९९६ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गाहनचे हृदय काही वेळ बंद पडले होते. तो वाचला. हा इतिहास या पुस्तिकेत वेगळा दिलेला नाही, कारण तो कुठेही मिळतो. इथे हवा आहे तो एवढाच संदर्भ, की मरणावरची ही गाणी गाणारा माणूस ते दार एकदा जवळून पाहून आलेला आहे.

चाळीस वर्षांत गाहनचा आवाज खाली उतरला, जाड झाला, त्याला खरखर आली. यंत्राचा आवाज मात्र हवा तेव्हा १९८१ सारखाच मिळतो. जुना सिंथेसायझर गरम झाला की थोडा बेसूर होतो हे खरे, पण त्याचा आवाज आज संगणकावर जसाच्या तसा बोलावता येतो. भजनात बुवा थकले की पखवाजवाला लय सांभाळून घेतो, पेटीवाला मागे थांबतो, टाळकरी चार आवर्तने जास्त वाजवून बुवांना श्वास घेऊ देतात. सगळ्या परंपरागत संगीतात वाजवणारे गाणाऱ्याबरोबर म्हातारे होतात. सीक्वेन्सर थांबत नाही. सोळा घरे संपली की तो पहिल्या घरात हजर. एकोणिसाव्या वर्षी जिथे सूर लावला त्याच ठिकाणी साठाव्या वर्षीही तो लावावा लागतो, आणि आता तो लागताना किती कष्ट पडतात ते स्पष्ट ऐकू येते. ‘मेमेंटो मोरी’त हे झाकायचा प्रयत्न केलेला नाही. जेम्स फोर्ड आणि मार्टा सालोनी या निर्मात्यांनी गाहनचा आवाज पुढे, जवळ, जवळजवळ कोरडा ठेवला आहे आणि भोवतीची यंत्रे स्वच्छ ठेवली आहेत. त्यामुळे एका बाजूला न थकणारी लय आणि दुसऱ्या बाजूला थकलेला पण हरलेला नसलेला आवाज, असे दोन स्पष्ट थर ऐकू येतात.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. हा अल्बम फ्लेचरच्या मृत्यूवर लिहिला, असे अनेक जण धरून चालतात. तसे नाही. बहुतेक गाणी करोनाच्या काळात, फ्लेचर हयात असताना लिहून झाली होती. नावही आधीच ठरले होते. ध्वनिमुद्रणाला बसायच्या काही आठवडे आधी तो गेला. म्हणजे गाणी आधी आणि मृत्यू नंतर. पण अल्बम ऐकताना हा क्रम मनात उलटा होतो आणि प्रत्येक गाणे त्याच्यासाठी केलेले वाटू लागते. ऐकणाऱ्याच्या दुःखाने गाण्याचा अर्थ बदलतो याचे याहून ठळक उदाहरण मिळणार नाही.

फ्लेचर कोण होता, हेही सांगायला हवे. तो गाणी लिहीत नसे, गात नसे आणि वाजवण्यातही फार पुढे नसे. बँडवरच्या ‘१०१’ या माहितीपटात त्याने स्वतःच हसत हसत सांगितले आहे की गाणी गोरची, वाजवण्याची हुशारी वाइल्डरची, गळा गाहनचा, आणि आपण आपले इकडेतिकडे फिरतो. प्रत्यक्षात हिशेब, करार, बैठका आणि दोन टोकांच्या दोन माणसांमधला निरोप हे सगळे त्याच्याकडे होते. आमच्यातले एक कीबोर्डवादक लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या सुपाऱ्या घेतात. त्यांनी आपले टिपण गाण्यावर न लिहिता फ्लेचरवरच लिहिले आहे. सुपारीची वही ज्याच्याकडे असते, ॲडव्हान्स कुणाचा आला आणि कुणाचा थकला हे ज्याला तोंडपाठ असते, गायक रुसला की चहाच्या टपरीवर नेऊन त्याला जो समजावतो, त्या माणसाला टाळी कधी मिळत नाही. तो नसला की पार्टी मोडते, असे त्यांचे म्हणणे. डेपेश मोड मोडली नाही. का मोडली नाही, याचे त्यांनी दिलेले कारण पटो न पटो, विचार करायला लावणारे आहे: आता भांडण झाले तर मिटवायला कुणी नाही, हे दोघांनाही कळले. या अल्बममधले ‘वॅगिंग टंग’ हे गाणे गोर आणि गाहन यांनी मिळून लिहिले आहे, आणि अशी गाणी त्यांच्या एवढ्या वर्षांत फारच थोडी आहेत, हे इथे लक्षात घ्यावे.

गाण्यांविषयी टिपणांत सविस्तर आलेच आहे, म्हणून मी तीन-चारच नावे घेतो. पहिले ‘माय कॉसमॉस इज माइन’. संथ, जड, गंजलेल्या यंत्रासारखा कुरकुरणारा ठेका. युक्रेनवरच्या हल्ल्याच्या दिवसांत सुचलेले हे गाणे ‘माझ्या जगात तुम्ही लुडबुड करू नका’ अशा आशयाचे आहे. अल्बमचे दार म्हणून ते मुद्दाम अडचणीचे ठेवलेले दिसते. नवख्या श्रोत्याने इथे कंटाळून परत फिरू नये.

‘घोस्ट्स अगेन’ हे सर्वांत गाजलेले. रिचर्ड बटलर या दुसऱ्या बँडच्या गायकाबरोबर गोरने या अल्बममधली चार गाणी लिहिली, त्यांतले हे एक. गंमत अशी, की विषय मरणाचा आणि चाल जवळजवळ आनंदी. ठेका चपळ, गोरची गिटार वरच्या पट्टीत उजळ. अँटन कॉर्बाइनने केलेल्या कृष्णधवल चित्रफितीत गाहन आणि गोर उंच इमारतीच्या गच्चीवर बुद्धिबळ खेळतात. इंगमार बर्गमनच्या १९५७ च्या ‘द सेव्हन्थ सील’ या चित्रपटात सरदार आणि मृत्यू यांच्यात जो डाव पडतो, त्याची ही आठवण. आमच्या संगीतशिक्षिका बाईंनी या गाण्यावर लिहिताना नेमका प्रश्न विचारला आहे: इथे दोघांपैकी मृत्यू कोण? त्याचे उत्तर त्यांनी दिलेले नाही आणि ते बरेच झाले.

‘सोल विथ मी’ गोर स्वतः गातो. त्याचा आवाज गाहनहून हलका, जुन्या चर्चमधल्या पोरासारखा. निघायची तयारी झालेल्या माणसाचे हे गाणे आहे आणि त्यात भीतीचा लवलेश नाही. इथे आपल्या कानांना ओळखीचे काही लागते. वारकरी भजनात माणूस जिवंतपणीच स्वतःच्या मरणाकडे पाहून घेतो. वीरशैव घरांत गेलेल्या माणसाला ‘लिंगैक्य झाले’ म्हणतात आणि त्याला बसवून, फुलांनी सजवून, वाजतगाजत नेतात. मरणापुढे वाद्य वाजवणे आपल्याला विचित्र वाटत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे ते वाजवायला सगळी गल्ली येते. गोरच्या गाण्यात माणूस एकटा निघतो आणि सोबतीला यंत्र आहे.

‘पीपल आर गुड’ हे नाव सरळ घेऊ नये. माणसे चांगली असतात हे स्वतःला पुन्हा पुन्हा बजावणाऱ्या, पण मनातून न पटलेल्या माणसाचे ते गाणे. १९८४ मध्ये याच बँडने ‘पीपल आर पीपल’ नावाचे गाणे केले होते. माणसे एकमेकांशी इतकी वाईट का वागतात, असा त्यात पोरवयाचा भाबडा सवाल होता. चाळीस वर्षांनी सवाल तोच आहे, भाबडेपणा गेला आहे. पुण्यात संगणकाचे काम करणाऱ्या आमच्या एका सोलापूरच्या मुलीने दोन्ही गाणी शेजारी ठेवून लिहिलेले टिपण जरूर वाचावे.

असे अल्बम या काळात एकट्या डेपेश मोडचेच आले असे नाही. टिअर्स फॉर फिअर्सचा ‘द टिपिंग पॉइंट’ २०२२ चा, ओएमडीचा ‘बाउहाउस स्टेअरकेस’ २०२३ चा, पेट शॉप बॉइजचा ‘ननदलेस’ एप्रिल २०२४ चा. शेवटच्याचा निर्माता पुन्हा जेम्स फोर्डच. यंत्राच्या संगीताची पहिली पिढी साठीसत्तरीत पोचली आहे आणि मागे वळून पाहते आहे. पेट शॉप बॉइज जुन्या आठवणी हसतखेळत, थोड्या मिश्कीलपणे सांगतात. डेपेश मोडकडे तो मिश्कीलपणा नाही. दोघांचे अल्बम लागोपाठ ऐकले तर म्हातारपणाच्या दोन तऱ्हा कळतात.

सोलापुरातल्या यंत्रांचे काय झाले, हेही या निमित्ताने बोलले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात इथे जुनी मिल उभी राहिली आणि पुढे गिरण्यांच्या भोंग्यांवर शहर उठू-झोपू लागले. जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर अजून विणली जाते, पण पूर्व भागात जुने माग किलोच्या भावाने भंगारात गेल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. उलट टीआर-८०८, ज्याचे उत्पादन १९८३ मध्येच थांबले, ते आज जुन्या सोन्यासारखे जपले जाते आणि मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकले जाते. एक यंत्र भंगार झाले आणि दुसरे ठेवा झाले. ठेवा व्हायला यंत्राची हुशारी लागत नाही. त्यावर काम केलेल्या माणसांची गोष्ट कुणीतरी सांगत राहावी लागते. सिंथेसायझरच्या वाट्याला असे सांगणारे आले. मागावर उभे राहून ऐकू येईनासे झालेल्या कामगाराची गोष्ट सांगायला मात्र फार थोडे जण आले. ही पुस्तिका ते काम करत नाही, पण करायला हवे होते याची जाणीव ती देते.

पुस्तिकेची रचना साधी आहे. बारा गाणी, बारा टिपणे, क्रम अल्बमचाच. फ्लेचरवरचे टिपण त्यातच एका गाण्याच्या जागी आले आहे. कुणी विणकामातून गाण्याकडे पाहिले, कुणी घरातल्या मृत्यूतून, कुणी फक्त आवाजाच्या पोतातून. गाण्याचे शब्द इथे दिलेले नाहीत; आशय सांगितला आहे. वाचकाने आधी गाणे ऐकावे, मग टिपण वाचावे आणि मग वाटल्यास पुन्हा ऐकावे. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. या संगीताचा अर्धा जीव खालच्या स्वरांत असतो आणि तो तिथे पोचतच नाही.

शेवटचे टिपण प्रतिकूल आहे. लिहिणाऱ्याला अल्बम आवडलेला नाही. मंचावर या बँडबरोबर वर्षानुवर्षे ख्रिश्चन आयग्नर हा ड्रमवादक आणि पीटर गॉर्डीनो हा कीबोर्डवादक असतात, रेकॉर्डवर गिटार आहे, तंतुवाद्ये आहेत. मग ‘यंत्र विरुद्ध माणूस’ हे चित्र आपणच रंगवलेले नाही का, असा त्याचा आक्षेप आहे. त्याच्या मते या अल्बमच्या दौऱ्यात ‘वर्ल्ड इन माय आइज’ या गाण्याच्या वेळी पडद्यावर फ्लेचरचा चेहरा आला की लोक रडत ते चेहऱ्यामुळे, लयीमुळे नाही. आक्षेपात दम आहे आणि माझ्या वरच्या म्हणण्याला तो सरळ छेद देतो. तरी माझे मत बदललेले नाही: तो चेहरा पडद्यावर असताना खाली १९९० चा ठेका आपल्या गतीने चालत राही, म्हणूनच तो चेहरा सहन होत नसे. आम्हा दोघांत कोण बरोबर, हे वाचकाने अल्बम ऐकून ठरवावे. मतभेद असलेले टिपण शेवटी ठेवायचे असा आग्रह मीच धरला होता. एका अल्बमवर सोलापुरात दोन तट पडावेत, यापेक्षा या पुस्तिकेची दुसरी काही कमाई मला नको आहे.

सोलापूर